वीडर बाईच्या नावावर, आणि किल्लीही बाईकडेच

कोल्हापूर जिल्ह्यात उसाची भांगलण, म्हणजे खुरप्यानं तण काढणं, बाया करतात, वाडं (उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा) बाया आणतात, धारा बऱ्याच घरांत बायाच काढतात. अनुदानातून घरात येतो मात्र रोटाव्हेटर, ट्रॅक्टरमागं जमीन भुसभुशीत करणारा. त्यानं नांगरट-कुळवाचा, म्हणजे गड्याचा, वेळ वाचतो. खुरपं बाईच्या हातात तसंच राहतं. आणि पॉवर वीडर (इंजिनावर चालणारं तण काढायचं यंत्र) आलाच तर वेगळीच पंचाईत होते. भांगलणीच्या बायांची हजेरी बुडते आणि वीडरचं भाडं ज्याच्या नावावर बिल त्याच्या खिशात जातं. बाईचे कष्ट वाचले तरी तिच्या पदरची मजुरी गेलेली असते.

म्हणून बाईचे कष्ट वाचवणारं यंत्र निवडायचंच, पण कागद, किल्ली आणि भाडं तिच्याकडे राहील अशी मांडणीही यंत्र घरात यायच्या आधी करायची. खाली पॉवर वीडर धरून सांगितलं आहे. कडबाकुट्टी, भातकापणी यंत्र किंवा बॅटरी पंप घ्यायचा असला तरी कागदांचा रस्ता हाच.

आधी सरी, मग यंत्र

वीडर घेऊन पडून राहतो त्याचं सगळ्यात मोठं कारण सरीची रुंदी. मागं रोटरी असलेला 5 ते 7 एचपीचा वीडर साधारण 2 ते 3 फूट पट्ट्यात चालतो. जुन्या 3 फुटी सरीत ऊस फुटवे धरायला लागला की त्याला जागाच उरत नाही. पाती कोंब छाटतात आणि आठवड्यात बोलणं सुरू होतं, ‘यंत्रानं ऊस घालवला’. वीडर चालवायचा तर सरी साडेचार ते 5 फुटी हवी, नाहीतर जोडओळ पट्टा, म्हणजे दोन ओळींत अडीच फूट आणि मधला पट्टा 5 फूट.

हे ठरतं कधी? लागणीच्या आधी, ट्रॅक्टरवाल्याशी बोलताना आणि रोपांची ऑर्डर देताना. बाईला विचारतात ते भांगलण कधी काढायची एवढंच. त्यामुळं वीडरचं बोलणं अनुदानाच्या जाहिरातीपासून नव्हे, रोपांच्या ऑर्डरीपासून काढा. हिशोब सोपा आहे. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. 5 फूट बाय 2 फुटाला 4,356 रोपं, साडेचार बाय 2 ला 4,840. नांगे, म्हणजे रोप मेलेल्या रिकाम्या जागा, भरायला वर 5 टक्के धरा. जुन्या पद्धतीत एकरी दहा हजारांच्या आसपास दोन डोळ्यांच्या टिपऱ्या (बेण्याचे उसाचे तुकडे) जातात, त्यामुळं ‘रुंद सरीत ऊस कमी बसतो’ असा आक्षेप येणारच. उत्तर असं की मोजायचा तो तुटणारा ऊस, लावलेली टिपरी नव्हे. रुंद सरीत ऊन आणि हवा जास्त मिळते आणि फुटवे जास्त जगतात. घरात पटत नसेल तर सगळं रान मागू नका. बांधालगतचे 10 गुंठे मागा आणि त्या 10 गुंठ्यांचं वजन वेगळं करून घ्या.

सरीच्या दोन्ही टोकांना वळायला 5-6 फूट जागा सोडायला सांगा. बांधापर्यंत ऊस लावला की वीडर प्रत्येक सरीच्या शेवटी उचलून फिरवावा लागतो, आणि दोन दिवसांत पाठ बोलते.

नाव कुठं कुठं लागतं

सुरुवात सातबाऱ्यापासून. नवऱ्याच्या स्वतःच्या नावच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे. शासनानं ती 1992 साली आणली. नवरा स्वखुशीनं तलाठ्याकडं अर्ज करतो (आता त्या दारावर ‘ग्राम महसूल अधिकारी’ अशी पाटी असते). सोबत सातबारा, 8-अ (खात्याचा उतारा), दोघांचं आधार आणि नवरा-बायको असल्याचा पुरावा, रेशनकार्ड वगैरे. फेरफार नोंद पडते, हरकतीची नोटीस निघते, मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ‘अर्ज दिलाय’ एवढ्यावर थांबू नका. नोंदीचा क्रमांक घ्या आणि मंजुरीनंतरचा ताजा सातबारा स्वतः काढून नाव वाचा.

अडतं ते दोन जागी. जमीन भावाभावांत सामाईक असेल तर नवऱ्याला फक्त त्याच्या हिश्शात नाव लावता येतं. आणि गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर सचिवाला आधी विचारून घ्या, नाहीतर पुढच्या पीककर्जाच्या वेळी खाते फोडायचं नाव निघतं. माहेरच्या जमिनीत मुलीचा हक्क 2005 च्या दुरुस्तीनं देशभर मुलाइतकाच झाला, महाराष्ट्रात त्याआधी 1994 ला. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी एवढं तरी माहीत असावं.

पुढं शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी. सहखातेदार बाईला तो स्वतःचा वेगळा मिळतो, नवऱ्याच्या आयडीत ती धरली जात नाही. बायांचे अर्ज इथंच अडकतात आणि कारण असतं नाव. सातबाऱ्यावर ‘सौ. आक्काताई’, आधारवर ‘अनुसया’, बँकेत माहेरचं आडनाव. संगणक ह्या तीन बाया समजतो. आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, मग केंद्रावर जा. नोंदणीत आपल्या जमिनीचे सगळे गट क्रमांक निवडलेत का तेही बघा. सुटलेला गट पुढं अर्जात दिसत नाही.

मोबाईल तिचाच हवा. हे किरकोळ वाटतं, पण आधारला मुलाचा नंबर जोडला असेल तर प्रत्येक ओटीपी त्याला विचारून. अर्ज मंजूर झाल्याचा निरोपही त्यालाच, आणि मुलगा पुण्याला नोकरीला. आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. ते काम सगळ्यात आधी उरका.

बँक खात्याचं तर आणखी वेगळं. थेट अनुदान अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे, आधारशी शेवटच्या सीडिंगनं (आधार-खातं जोडणीनं) जोडलेल्या खात्यावर जातं. गॅसचं अनुदान, जनधन, लाडकी बहीण, प्रत्येक वेळी कुठलं तरी खातं जोडलेलं असतं आणि कुठलं ते लक्षात राहत नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघा किंवा शाखेत विचारा. ते खातं चालू आहे ना, केवायसी झाली ना आणि पासबुक-एटीएम कुणाकडं आहे, हेही त्याच दिवशी बघून घ्या.

अर्ज

महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या अनुदान अर्जांच्या संकेतस्थळावर, शेतकरी योजना, त्यात कृषी यांत्रिकीकरण. फार्मर आयडीनं आत जायचं, माहिती पूर्ण करायची, यंत्राचा प्रकार निवडायचा, 23 रुपये 60 पैसे शुल्क भरायचं. आता सोडत नाही, प्रथम अर्ज करणाऱ्याला प्राधान्य, त्यामुळं कागदं आधी जुळवून ठेवलेली बाई पुढं जाते.

यांत्रिकीकरणात महिला, अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्के, बाकीच्यांना 40 टक्के अनुदान, दोन्हींना रकमेची कमाल मर्यादा. इथं घरातून एक बोलणं हमखास येतं: ‘माझ्या नावानंही 50 टक्केच मिळतात, मग तुझं कशाला?’ 5 एकराच्या आतल्या घरात ते खरंच आहे. पैशाचा फरक पडत नाही, फरक पडतो बिलावरच्या नावाचा. भाडं कुणी घ्यायचं, यंत्र विकायचं का, शेजाऱ्याला द्यायचं का, ही भांडणं शेवटी बिल काढून मिटतात. तेव्हा 50 टक्क्यांच्या आशेवर घरच्यांना पटवू नका, सातबारा बघून कुणीही तो मुद्दा खोडेल.

निवड झाली की दरपत्रक, यंत्राचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल आणि मागतील ते बाकीचे कागद चढवायचे. क्षेत्र सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र मागतात. दीर-जावांशी बोलणं त्या दिवसासाठी ठेवू नका. मग पूर्वसंमती पत्र येतं. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान गेलं. दुकानदार सांगतो, ‘घेऊन जा वहिनी, बिल मागाहून करू’. नेऊ नका. पत्रातल्या मुदतीत खरेदी करा, पैसे स्वतःच्या खात्यातून द्या, जीएसटी बिलावर नाव, इंजिन क्रमांक आणि मॉडेल तपासा. बिलावर ‘सौ. अमुक यांचे करिता’ म्हणून नवऱ्याचं नाव घालायची काही दुकानांची सवय आहे. तिथंच दुरुस्त करून घ्या. नंतर मोका तपासणी होते, म्हणजे अधिकारी यंत्र बघायला येतात. त्या वेळी यंत्राशेजारी उभी राहणारी आणि ते चालू करून दाखवणारी बाईच असावी.

पूर्ण किंमत आधी भरावी लागते, अनुदान मागाहून. हा मधला पैसा कुठून, ते अर्जाआधी ठरवा. बचत गटाचं अंतर्गत कर्ज इथं सोईचं, कारण व्याज गटातच फिरतं. दागिना ठेवून घेणार असाल तर अनुदानाला सहा महिने लागले तर व्याज किती, तो आकडा कागदावर लिहून बघा.

जमीनच नाही, मजुरीवर भांगलणीला जाता, तर वैयक्तिक अर्ज चालत नाही. मग गटाच्या नावानं खरेदी करावी. उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गटांना बँक कर्ज मिळतं, आणि अवजारे बँकेचा, म्हणजे भाड्यानं द्यायला अवजारं घेण्याचा, घटक शेतकरी गट-कंपन्यांसाठी आहे. तो चालू आहे का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

कुठला वीडर

दुकानाच्या फरशीवर सगळे वीडर चांगले चालतात. तुमच्या रानात, वाफशावर (माती ना चिखल ना कोरडी असताना), तासभर चालवून दाखवायला सांगा आणि तो तासभर यंत्र बाईच्या हातात हवं. दुकानाचा पोरगा बाजूला. कणेरीचं सिद्धगिरी कृषी विज्ञान केंद्र, तळसंदे इथलं कृषी विज्ञान केंद्र आणि कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय इथं प्रात्यक्षिकांची चौकशी करता येते.

बघायचं काय? दांड्याची उंची कमी करता येते का, ते पहिलं. कोपर दुमडून उभं राहिल्यावर हात जिथं येतो त्याच्या जरा खाली दांडा हवा. गड्याच्या उंचीला लावलेला दांडा खांदे वर ओढतो. मग दोरी. इंजिन गार असताना स्वतः चालू करून बघा: दोरी आधी हळू ओढायची, अडेल तिथं थांबायचं, परत आत सोडायची आणि मग एका झटक्यात ओढायची. सुरुवातीपासूनच झटके देणाऱ्याचा खांदा दुखतो. ह्या पद्धतीनंही चार-पाच वेळात चालू होत नसेल तर ते मॉडेल सोडा.

वजन दुसऱ्या रानात नेताना कळतं. मोठं मॉडेल शंभर किलोच्या आसपास जातं. रबरी चाकं नसतील तर नेण्या-आणण्यासाठी दर वेळी गडी बघावा लागतो आणि मग किल्ली हळूहळू त्याच्याकडं जाते. रिव्हर्स गिअर हवा, पण मागं रोटरी असलेल्या यंत्रात रिव्हर्स टाकताना पाती थांबतात का ते डोळ्यांनी बघा. न थांबणारं यंत्र घेऊ नका. तिथं पायच समोर असतो. दांडा सोडला की पाती थांबणारा क्लच असावा. आणि पाती, तारा, फिल्टर तालुक्याच्या गावी मिळतात का, हे कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचं.

गट, ठराव, दर

एका घराला वर्षात 10-12 दिवसांपेक्षा जास्त वीडर लागत नाही. बाकी दिवस तो भाड्यानं फिरायला हवा, नाहीतर आतबट्ट्याचा. पाच-सात जणींत एक वीडर हे सगळ्यात बरं. यंत्र यायच्या आधी ठराव लिहा: किल्ली कुणाकडं, चालवणाऱ्या दोघी कोण, गटातला दर आणि बाहेरचा दर किती, उधारी किती दिवस, बिघाडाचा खर्च कशातून. आणि एक कलम स्पष्ट घाला: गटातल्या कुणाच्याही घरच्या माणसाला यंत्र हवं असेल तर तेही दरानं, नोंद करून. हे कलम नसलेल्या ठिकाणी यंत्र पहिल्या वर्षातच कुणाच्या तरी दिराच्या रानात मुक्कामाला जातं.

दर लोकांना विचारून नाही, हिशोबानं काढा. समजा वीडर 72,000 चा. अनुदान मिळालं तरी झीज पूर्ण किमतीवर धरा, कारण पुढचा वीडर अनुदानात मिळेलच असं नाही. 6 वर्षं आयुष्य धरलं तर वर्षाला 12,000. दुरुस्ती, ऑइल, पाती 6,000. वर्षात 60 दिवस चालला तर दिवसाला 300. पेट्रोल 4 लिटर, लिटरला 105 धरून 420. चालवणारीची हजेरी 500. एकूण 1,220. वर 15 टक्के गटाला, म्हणजे साधारण 1,400. दिवसाला एकर होत असेल तर एकरी 1,400 हा दर. रान दगडाळ किंवा तण गुडघाभर असेल तर एकर होत नाही. तिथं एकरावर नको, तासावर बोला.

हजेरीचे 500 हिशोबातून कधीही गाळू नका. ‘घरचीच बाई चालवते, तिला काय द्यायचं’ असं म्हटलं की दर 800 वर येतो, रानवाले खूश होतात आणि बाई फुकट राबते. भांगलणीची बुडालेली हजेरी भरून निघायची जागा हीच आहे.

नोंदवहीत तारीख, रान कुणाचं, गट क्रमांक, सुरू-बंद वेळ, पेट्रोल, चालवणारी, रोख की उधार, आणि रानमालकाची सही. सही काम संपल्या-संपल्या बांधावर घ्यायची. उसाच्या बिलावर देतो म्हणणाऱ्याची उधारी वर्षभर लांबू शकते. अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय पेट्रोल भरू नका.

उसाच्या आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अशा लागणी वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) त्यात भर घालतो, त्यामुळं 60 दिवस भरणं अवघड नाही. पण गटातल्या सगळ्या सुरूवाल्याच असतील तर सगळ्यांना यंत्र एकाच आठवड्यात लागेल. पाण्याच्या पाळीची यादी असते तशी वीडरची यादी हंगामाआधी लावा.

रानात

लागणीनंतर महिन्याभरानं पहिली पाळी, पुढं तण बघून. ऊस पट्टा झाकेपर्यंत चालतं, नंतर भरणी, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावणं. खोली 2 ते 3 इंच. जास्त खोल गेलं की मुळ्या तुटतात. ओल जास्त असेल तर काळी माती पात्यांना लडबडून पाती नुसती फिरतात; फार वाळली असेल तर यंत्र उड्या मारतं आणि हात बधिर होतात. मूठभर माती दाबून सोडल्यावर गोळा झाला आणि बोटानं दाबताच फुटला, तर वाफसा आहे. उसाच्या बुडातलं तण यंत्राला निघत नाही, ते खुरप्यानंच. म्हणून ‘आता बाया लागणार नाहीत’ हे कुणी सांगितलं तर खरं धरू नका. बाया लागतात, कमी लागतात.

ठिबक असेल तर नळी आधी उसाच्या ओळीत सरकवून घ्या. नळी पात्यात गुंडाळली की सोडवायला तास जातो आणि नव्या नळीचा खर्च वेगळा. गुंडाळलेलं काढताना इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली. पदर खोचलेला किंवा वर शर्ट, बंद बूट, केस बांधलेले. एवढं नसेल त्या दिवशी यंत्र बाहेर काढू नका. कडबाकुट्टीलाही हाच नियम, तिथं तर बोटं जातात. वाड्याची शेवटची मूठ हातानं ढकलायची नाही, पुढच्या पेंढीनं ढकलायची, आणि रोलर उलटा फिरवायचा दांडा हाताच्या अंतरावर हवा.

बहुतेक चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांचं पहिलं ऑइल 20 तासांनी बदलतात, पुढं 100 तासांनी. तास कळतात ते नोंदवहीतून. वहीचा हा दुसरा उपयोग. रोज चालू करण्याआधी सपाट जागी ऑइल काडीनं बघा. हवेचा फिल्टर धुळीच्या दिवसांत रोज झटका. दोरी ओढून चालू होत नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी चार गोष्टी: पेट्रोलची तोटी उघडी आहे का, स्विच ऑन आहे का, चोक, प्लग ओला की काळा. बहुतेक फेऱ्या एवढ्यात वाचतात. गावातल्या मेकॅनिककडं पहिल्यांदा जाताना चालवणाऱ्या दोघींनी समोर उभं राहून प्लग आणि फिल्टर काढायला शिकून घ्यावं.

पावसाळ्याआधी तोटी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपतं. तसंच राहिलं तर चिकट होऊन पुढच्या हंगामात बसतं. शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या नदीकाठच्या गावांनी 2019 आणि 2021 चं पाणी बघितलं आहे. यंत्र आणि कागदांची पिशवी त्या वेळच्या पाण्याच्या खुणेच्या वर ठेवा. तरीही इंजिन बुडालंच तर दोरी ओढून बघायचा मोह टाळा. आत पाणी असताना ओढलं तर आतले भाग खराब होऊ शकतात. प्लग काढा, पेट्रोल आणि ऑइल पूर्ण काढून टाका, फिल्टर बदला, नवं ऑइल घाला, प्लग न लावता चार-पाच वेळा हळू ओढून पाणी बाहेर काढा, एक दिवस वाळू द्या आणि मगच प्लग लावा.